मुक्या आईचं काम मला नको

मास्तर, तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र लिहिण्याची वेळ कधी आली नाही, कारण तुमच्यासमोर मी बोलतच सुटायची. आता तोंड बंद आहे म्हणून लिहिते. गेल्या उन्हाळ्यात मला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. शब्द डोक्यात जसेच्या तसे आहेत, पण तोंडाशी येतात आणि तिथेच अडून बसतात. झाडीपट्टीच्या नाटकात जन्म काढलेल्या बाईकडून देवाला न्यायला दुसरं काही सापडलं नाही! हे डाव्या हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नका.

वडशाच्या राइस मिलच्या गोदामातली ती तालीम मला रोज आठवते. धान घरात आलेलं, नाटकांचा सीझन तोंडावर, मी अगदी नवीन, आणि प्रत्येक वाक्याला मला दोन्ही हात हलवायला हवेत. तुम्ही खुर्चीतून ओरडता, "काऊन वं पोरी, एवढे हात हालवून राह्यली? वावरातले पाखरं हाकलून राह्यली का?" सगळे हसतात. मग तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढून माझे हात पाठीमागे बांधता आणि म्हणता, "आता म्हण." तोंडपाठ असलेलं वाक्य मला येत नाही. आपल्याकडे तालमी मोजक्याच, सगळी भिस्त पडद्याआडून वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरवर. तो बिचारा सांगून सांगून दमला, आणि मी दर वेळी अर्ध्यावर थांबत होते. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही बराच वेळ माझ्या खांद्यांकडे पाहत राहिलात, कारण बांधलेले हात सुटायला धडपडत होते. मग उठून गाठ सोडलीत, आणि वाक्य एका दमात बाहेर आलं. चूक झाली म्हणणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. "हालव मंग," एवढंच म्हणालात, आणि माझ्या हातांना पुन्हा कधी नावं ठेवली नाहीत.

चंद्रपूरच्या दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक मुलगी आहे, माझ्या नातीच्या वयाची. ती म्हणाली, "बाई, मेंदूत हात हलवणारी जागा आणि तोंड हलवणारी जागा शेजारी शेजारी असतात. एकीला जाग आली की दुसरीलाही येते. हात हलवत बोला." मला गोदाम आठवलं आणि हसू आलं, वाकड्या तोंडाने का होईना. घरी मात्र सगळं उलटं चाललं होतं. सून मायेने माझा उजवा हात शालीत गुंडाळून मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "आई, हात हालवू नोका, आराम करा." ती शाल मी भिरकावून दिली. आता रोज सकाळी अंगणात बसून जेमतेम हलू लागलेली उजवी बोटं मांडीवर आपटते आणि प्रत्येक आपटण्याबरोबर एक अक्षर काढते. शेजारणी कुंपणापाशी थांबून बघतात. बघेनात का.

दिवाळीनंतर नाटक कंपनीचे मालक घरी आले. "बाई, तुमच्यासाठी खास लिवून घेतलं. मुक्या आईचं काम हाय. खाटेवर बसाचं फक्त. लोकायले तुमाले पाहाचं हाय." माणूस चांगला, माझं मन राखायला आला होता, पण मला असा संताप आला की उजवा हात आपोआप खांद्यापर्यंत उचलला गेला आणि त्याच्यामागून शब्द आला, "नाई!" सून चहा घेऊन दारातच थबकली. मग हात हलवत, अडखळत, घामाघूम होत मी मालकांना समजेपर्यंत सांगितलं की मला बोलणारं काम पाहिजे, एका वाक्याचं असलं तरी चालेल. "एक वाक्य देतो मंग," ते शेवटी म्हणाले. परवा तालीम आहे. ते वाक्य मी अंगणात घोकते आहे आणि म्हणून दाखवणार आहे.

हे पत्र कुठे टाकणार? ट्रंकेत ठेवून देईन. पण एक खरं सांगते. शब्द अडेल याची मला भीती नाही. अडला तर पुन्हा हात उचलीन. भीती वाटते ती समोर बसलेल्या लोकांची. ती माझीच माणसं आहेत, मी नुसतं तोंड उघडून उभी राहिले तरी कीव येऊन टाळ्या वाजवतील. तुम्ही वाजवल्या नसत्या, म्हणून तुम्हालाच लिहिलं.