हिचं नाटक आणि माझा स्कॅनर

२ मार्च
स्कॅनर आला. टेबलावर शोभून दिसतो.
हिने लग्नाआधी टाइपरायटरवर लिहिलेलं नाटक तिच्या बँकेतली हौशी मंडळी बसवणार आहेत. पानं पिवळी पडलीत. सगळ्यांना वाटायला स्वच्छ प्रत हवी. ती जबाबदारी मी स्वतःहून घेतली. स्कॅनर पानाचा नुसता फोटो काढतो, त्यातली अक्षरं ओळखायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते निवडायचं. ऑफिसात खरेदी विभाग मीच बघतो, त्यामुळे निवड कशी करावी हे मला कुणी शिकवायला नको. रविवारपर्यंत प्रत तयार.

३ मार्च
सगळी पानं स्कॅन केली. एक नंबर. म्हणजे निम्मं काम झालंच. ही म्हणाली, वाचून बघा तरी कसं वाटतं. म्हटलं, आधी टेक्निकल बाजू.

७ मार्च
फुकटातलं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. 'माझा हात धर'चं त्याने 'माझा हात घर' केलं. 'खोटं बोलू नकोस'चं 'रवोटं बोलू नकोस'. फुकट ते फुकटच. बाद.
मुलीचा फोन आला. म्हणाली, बाबा, मोबाइलने फोटो काढा, अक्षरं आपोआप येतात. तिला शांतपणे समजावलं की फोन हा बोलण्यासाठी असतो.
रविवार जरा घाईचा होईल. पुढचा रविवार.

१२ मार्च
तुलनेचा तक्ता केला. वेग, अचूकता, दिसणं, विक्रीनंतरची सेवा. प्रत्येकाला दहापैकी गुण. तक्त्याला रंगही दिले. ही चहा ठेवून गेली, तक्त्याकडे बघून 'छान' म्हणाली. तिला विषय समजतोय.

१६ मार्च
सकाळी. निर्णय झाला. सगळ्यात महागडं सॉफ्टवेअर. त्याचंच इंग्रजी माहितीपत्रक स्कॅन करून चाचणी घेतली, एकही चूक नाही. आयुष्यभराचं लायसन्स घेतलं.
दुपारी. भाषांच्या यादीत मराठी सापडत नाही. लॅटिन आहे. नजरचूक असेल.
संध्याकाळी. नजरचूक नाही.

१८ मार्च
कस्टमर केअरमधल्या बाई फार सौजन्याने बोलल्या. म्हणाल्या, पुढच्या व्हर्जनमध्ये हिंदी येतंय, तुम्हाला आधी वापरून बघायला देते, लिपी तीच आहे. म्हणजे विक्रीनंतरच्या सेवेला दिलेले नऊ गुण योग्यच होते.

१९ मार्च
हिंदी 'ळ' ओळखत नाही. नाटकातले करारी काका सबंध पहिला अंक बोबडं बोलतात. 'वेल झाली, आता पल इथून.' हिला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसलो, पण मनातून नाही.
हरकत नाही. प्रत्येक 'ल' तपासायचा, लागेल तिथे 'ळ' करायचा. पद्धतशीर काम आहे. नाटकात 'ल' कितीसे असणार?

२२ मार्च
फार आहेत.

२३ मार्च
एका झटक्यात सगळ्या 'ल'चे 'ळ' करून पाहिले. आता काका म्हणतात, 'मी गेळो, आळो, बसळो.' उलट केलं तर हाताने दुरुस्त केलेले खरे 'ळ'ही जातात. पाठ धरली आहे. खुर्ची बरोबर नाही. नवी खुर्ची घेतल्याशिवाय असलं काम होत नसतं.

२७ मार्च
हिला म्हटलं, तुमच्या दिग्दर्शकबाईंना सांग, थोडा धीर धरा, घाईत दर्जा घसरतो. ही म्हणाली, तालमी तर केव्हाच सुरू झाल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून मूळ पानांच्या झेरॉक्स काढल्या, सगळ्यांना नीट वाचता येतात. मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणाली, तुम्ही इतके रमला होतात.
झेरॉक्स हा तात्पुरता उपाय आहे.

१२ एप्रिल
प्रयोग झाला. हॉल भरला होता. मध्यंतरात हिचे मॅनेजर शेजारी येऊन बसले. म्हणाले, तुम्हाला तर माहीतच असणार, ही थोरली बहीण शेवटी घरात राहते की जाते? मी त्यांना सांगितलं की सर्व पानं मी स्वतः उच्च दर्जाने स्कॅन केली आहेत. ते म्हणाले, हो, पण जाते का? मी म्हटलं, आत्ताच सांगितलं तर मजा जाईल.
जाते. सामान न घेता, पायात चपला नसताना जाते, आणि कुणी तिला थांबवत नाही. मला कल्पनाच नव्हती. आजूबाजूचे टाळ्या वाजवायला उठले तेव्हा मला चटकन उठता आलं नाही.
घरी येताना रिक्षात हिने काही न विचारता तिचा रुमाल माझ्या हातात दिला. म्हटलं, हॉलमध्ये धूळ फार होती. ती 'हो' म्हणाली.
मग मी तिला विचारलं, अजून काही लिहिलं होतंस का.
म्हणाली, दोन आहेत. कपाटात वरच्या कप्प्यात. पण वाचायला देईन, स्कॅन करायला नाही.