घर शालूबाईचे, आणि इंजिन बंद पडण्याचे खरे कारण

मी, लालासाहेब बापू ढोले, वय सहासष्ट, लष्कराच्या सिग्नल खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मिरजेला पोटाचे ऑपरेशन ठरले आहे. पोट बिघडले आहे, डोके नाही. शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

कलम १. वडिलार्जित शेतातला माझा हिस्सा धाकटा मुलगा बाळासो यास द्यावा. तो शिरवळला नोकरीला असतो, शेतात दिवाळीपुरता दिसतो. त्याने शेत विकू नये अशी इच्छा आहे. अट घालत नाही, कारण अट घातली की तो ती मुद्दाम मोडतो.

कलम २. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते थोरली सून शालूबाई हिचे व्हावे. थोरला नाथाजी एकाहत्तरच्या लढाईत गेला, तेव्हापासून हे घर तीच सांभाळते. तिला माहेरी धाडावे असे बाळासोच्या मनात आहे. माझ्यादेखत कोणी बोलत नाही, माझ्यामागे बोलतील. म्हणून हे कलम.

कलम ३. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली दोन विलायती खेळण्यातली इंजिने, रूळ व सगळी हत्यारे शालूबाईला. प्रत्येक इंजिनाच्या पोटात मी एक कान, म्हणजे एकच सूर ओळखणारी तारेची जुळणी, बसवला आहे. रुळातून विजेचा सूर सोडला की ज्याचा सूर तेच इंजिन चालते, दुसरे उभे राहते. नाथाजी रजेवर आला की आम्ही बापलेक तासन्‌तास हेच करत बसायचो. त्याच्यामागे शालूबाई शिकली. माझी चांगली पक्कड आकारामने नेली ती नेलीच. ती त्यालाच राहू द्या, पण खाली साक्षीदाराची सही करताना त्याला थोडी लाज वाटावी.

कलम ४. यंदाच्या खंडेनवमीला हत्यारांसोबत एक इंजिन टोपण काढून पाटावर मांडले होते. पूजा माझी बहीण मनुबाई हिने केली. ती कवठे महांकाळला दिलेली, सणाला आली होती. दुसऱ्या दिवशी शालूबाईने इंजिन रुळावर ठेवले, ते हलेना. शेजारच्या बायका जमल्या होत्या. मनुबाई म्हणाली, "पांढऱ्या कपाळाची बाई हात लावती, मग चालंल कसं?" तेव्हापासून हळदीला, बारशाला शालूबाईला कोणी बोलावत नाही.

बिघाड शोधायची रीत ठरलेली आहे. आधी चाके व रूळ पुसावेत. मग कान सोडवून इंजिनाला सरळ करंट द्यावा. चालले तर दोष कानात, नाही तर मोटरीत. शालूबाईने रडत रडत हेच केले. इंजिन चालले नाही, म्हणून मोटर उघडली. आत करंट पोचवणाऱ्या कोळशापाशी तेलात भिजलेले हळदकुंकू चिखलासारखे बसले होते. मनुबाईने मशिनीच्या काळजालाच टिळा लावला होता! स्पिरिटने धुतले, इंजिन पळाले. पण ते पाहायला आम्ही दोघेच होतो.

एवढे लिहून मी शालूबाईला वाचून दाखवले. वाटले, खूश होईल. ती म्हणाली, "आवं मामंजी, घर दिलंसा, लय केलंसा. पर ह्यो कागूद तुमी गेल्यावर निघणार. मानसं म्हंत्याल, म्हाताऱ्याला दया आली. मला दया नगं. तुमी हायसा तवर चारचौघांत सांगा."

तिचे खरे आहे, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटले.

कलम ५. म्हणून कलम चार माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. ते आजपासून लागू. मनुबाईला व बाळासोला बोलावून घेतले, शेजारच्या बायकांना ओसरीवर बसवले, आणि साक्षीदारांसमोर सगळे मोठ्याने वाचले. बाळासो खाली बघत राहिला. मनुबाई चिडली, "मी काय मुद्दाम केलं व्हय रं?" मी म्हणालो, "न्हाई अक्का. पर नाव तिचं गेलं." मग शालूबाईकडे न बघताच मनुबाईने पदराने हात पुसला आणि विचारले, "आंगठा कुटं लावू?"

ठिकाण आष्टा, १४ नोव्हेंबर १९७८.

लिहून ठेवणार: लालासाहेब बापू ढोले (सही)

साक्षीदार:
१. धुळा बिरा खोत (सही)
२. आकाराम रामा मगदूम (सही)
३. मनुबाई, लालासाहेब यांची थोरली बहीण, कलम चारपुरती (डाव्या हाताचा अंगठा)