खालचं पाणी अंगी लागतं

५ ऑक्टो., रवि.
सकाळी बाळूच्या, पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणींवर. दसरा झाला, लोक पुन्हा मासे खायला लागले, वजनं बघून घेऊ म्हणाला. वरच्या खाणीतले दहा कटले काढले. कोणी पाऊण किलो, कोणी जेमतेम किलो. मग खालच्या खाणीतले दहा. दोनच्या खाली एकही नाही! बाळूच्या बायकोला, शोभाला वाटलं काटा बिघडला, म्हणून तिनं गुळाची ढेप लावून पाहिली. काटा बरोबर.

गेल्या वर्षी दोन्हीकडं एकाच दिवशी बोटुकली, बोटाएवढी पिल्लं सोडली होती, चारशे-चारशे. पेंड एकाच पोत्यातली. होळीच्या आधी वजनं केली तेव्हा दोन्हीकडं सारखी होती.

बाळू खुशीत. "आक्का, खालचं पाणी अंगी लागतंय बघ." मग, "पर का लागतंय? तीस वर्षं पोरांस्नी प्राणिशास्त्र शिकवलंस, आता भावाला शिकव की, मास्तरीणबाई." कारण कळलं की वरचे सगळे खाली हलवणार. मार्गशीर्ष लागायच्या आत विक्री.

जमिनीवर बिल्डिंगी झाल्यापासून सगळी वाघोली त्याला रिकामा मालक म्हणते. खोल्या भाड्यानं द्यायच्या नि पारावर बसायचं. मासे ही त्यानं स्वतःच्या हातानं केलेली पहिली गोष्ट. नीट शोधायला हवं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "माशांची वजनं झाली. आता आपली करा."

७ ऑक्टो., मंगळ.
पांढरी बशी दोरीला बांधून पाण्यात सोडली. वरच्या खाणीत दीड पुरुष खाली गेली तरी दिसत होती. खालच्या खाणीत वीतभर गेली नि गडप. पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं.

म्हणजे गर्दीचा प्रश्न नाही, आकडा सारखाच आहे. बाळूला तसं सांगितलं. प्रश्न ताटात काय आहे त्याचा. कटला पाण्यातलं बारीक शेवाळ नि त्यावरचे सूक्ष्म किडे खातो. नितळ पाणी म्हणजे रिकामं ताट. वर्गात किती वेळा सांगितलंय की स्वच्छ पाणी चांगलं. कुणासाठी चांगलं, ते सांगायचं राहिलं.

आता शेवाळाला खत कुठून मिळतंय? वर नाही नि खालीच का? गुरं दोन्हीकडं उतरतात, शेण सारखंच.

८ ऑक्टो., बुध.
खालच्या खाणीच्या काठानं फिरले. घाणेरीची झुडपं बाजूला केली, हात ओरबाडले. मागं सिमेंटचा पाइप. करंगळीएवढी धार, फेस, साबणाचा वास आणि दुसराही वास. धार कुठून येते म्हणून चढ चढत गेले.

वर भिंत. भिंतीवर बोगनवेल. ती मीच लावलेली आहे.

आमची सोसायटी.

९ ऑक्टो., गुरु.
सकाळीच सांडपाण्याच्या प्लँटवर गेले. तिथल्या सुरेशला विचारलं, पाण्यात हवा सोडायचं मशीन बंद का? तो म्हणाला, "मॅडम, सकाळी दोनच तास लावायचं. तुमचीच सही आहे ना?" पत्रक भिंतीवर चिकटवलेलं. मार्चमधलं.

"रहिवाशांच्या शांततेच्या दृष्टीने ब्लोअर दररोज फक्त सकाळी दोन तास चालविण्यात येईल. आपली, सेक्रेटरी."

आठवलं. बी विंगवाल्यांची तक्रार होती, घरघरीनं झोप होत नाही. सात पत्रं आली होती. उरलेल्या बावीस तासांतल्या पाण्याचं काय होणार हे तेव्हा मीटिंगमध्ये कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी, प्राणिशास्त्रवाली! "चालविण्यात" मधली वि पहिली की दुसरी यावर मात्र पाच मिनिटं बोलले होते.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१२ ऑक्टो., रवि.
ह्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ पेपर चाळला. मग, "मासे मोठे झाले, भाऊ खूश झाला. तू कशाला मध्ये पडतेस?" मी म्हटलं, लोक खाणार आहेत ते. "लोक बरंच काय काय खातात." चिडून उठून गेले मी. पोळी करपली.

बाळूचा फोन, "लागलं का कारण?" बघते म्हटलं.

१४ ऑक्टो., मंगळ.
सुरेशला सांगितलं, आजपासून मशीन दिवसभर लाव. दुपारी तीनला ग्रुपवर पहिला मेसेज. पाचपर्यंत एकवीस. "सेक्रेटरीबाईंना दुपारची झोप लागत नसेल, आम्हाला लागते." सहाला चेअरमननी बंद करायला लावलं. मी त्यांच्या दारात. "अहो बाई, आपण दिवाळीनंतर बघू." खाली खाण आहे, भावाचे मासे आहेत म्हटलं. "मग तर बरंच आहे की, त्यांना खाद्य."

दार लावलं. त्यावर पाटी, 'कृपया बेल एकदाच वाजवावी.' दोनदा वाजवायला हवी होती.

१८ ऑक्टो., शनि.
बाळूला सांगायला निघाले नि कोपऱ्यावरून परत आले.

का सांगवत नाही? आयुष्यभर त्याला बोलले. दहावीला सायन्समध्ये नापास झाला तेव्हा बोलले. बिल्डरला जमीन दिली तेव्हा बोलले, "नीट वाचून सही करत जा रे." कुठल्या तोंडानं

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज.
बाळू, शोभा आले. ओवाळलं. आज सांगायचंच असं ठरवलेलं. ताटात हात घालून म्हणाला, "आक्का, रविवारी वरचे समदे खाली टाकतो. व्यापाऱ्याला शब्द दिलाय. महिन्याभरात अंगानं भरतील."

मी म्हटलं, नको. गर्दी होईल.

"तूच म्हणालीस न्हवं गर्दीचा संबंध न्हाई?"

दुप्पट होतील रे, हवा पुरणार नाही. आभाळ आलं तर शेवाळ हवा सोडायचं बंद होतं, पहाटे पाण्यात काही उरत नाही. असं सगळं शिकवल्यासारखं बोलले. पाइप सोडून सगळं.

"चारशे खुशीत हायेत, आठशेबी ऱ्हातील. एवढी मोठी खाण." शोभानं माझ्याकडं पाहिलं. तिला काहीतरी कळलं असावं. करंजी पुढं केली मी.

२६ ऑक्टो., रवि.
टाकले. फोटो पाठवला. जाळ्यातले मासे नि बाळूचं हसू. आभाळ भरलेलं.

२८ ऑक्टो., मंगळ.
तिसरा दिवस ऊन नाही. गच्चीवर तीनदा जाऊन आले. हे म्हणाले, "कपडे वाळत नाहीत म्हणून एवढं?"

उद्या उजाडायच्या आत खाली जाते.

२९ ऑक्टो., बुध.
झुंजुमुंजूला पोचले. बाळू आधीच तिथं. छातीभर पाण्यात उभा, हातात निरगुडीची फांदी, पाणी झोडपत होता. सगळी खाण भरून तोंडं. वर आलेली, उघडी. शोभा काठावरून बादलीनं पाणी उपसून परत ओतत होती, तेवढीच हवा. आवाज फक्त त्या चपचपीचा.

मी चपला काढल्या नि पाण्यात गेले. म्हटलं, बाळू, हे पाणी आमचंय. आमच्या संडासाचं. मशीन बंद करायची सही माझी हाय. मला तीन आठवडं ठावं हुतं.

किती वर्षांनी अशी बोलले.

तो थांबला नाही. फांदी मारत राहिला. मग मागं न बघता म्हणाला, "मग चालू कर जा की."

धावत वर गेले. सुरेशला उठवलं. मशीन लावलं, खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला. चेअरमन झोपायच्या कपड्यांतच खाली आले. काय बोलले ते लिहीत नाही, मीही काय बोलले ते लिहीत नाही. मशीननं खाणीत लगेच काही फरक पडणार नव्हता, हे मला माहीत होतं. खरा उपयोग शोभाच्या भावानं आणलेल्या पंपाचा झाला.

नऊला ऊन पडलं. तोंडं खाली गेली. दीडशे मेले, त्यात मोठेच जास्त.

२ नोव्हें., रवि.
बाळू बोलत नाही. शोभाचा फोन, "जेवतात, पण गप्प असतात." मेलेले खड्ड्यात पुरले, कुणाला दिले नाहीत. विचारलं नव्हतं तरी तिनं सांगितलं.

इथं पेटी ठेवलीय, सेक्रेटरी हटवा म्हणून सह्या घेताहेत. अठ्ठावीस झाल्या. किल्ली अजून माझ्याकडं.

८ नोव्हें., शनि.
मशीन दिवसभर चालू. धार आता बरी, फेस नाही. खाण मात्र हिरवीच आहे. झालेलं कसं जाईल?

१५ नोव्हें., शनि.
संध्याकाळी बाळूचा फोन. सतरा दिवसांनी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "उद्या सहाला व्यापाऱ्याची गाडी येतीया. साडेसहाशे मासे हायेत. देऊ का?"

मी म्हटलं, नितळ पाण्यात काही दिवस ठेवून, चांगले शिजवून खाल्ले तर जंतूंचा तसा धोका नसतो. मात्र साबणातलं, औषधांतलं काय काय उतरलं असेल ते तपासल्याशिवाय

"आक्का, वर्गात न्हाईस तू."

मी खुर्ची ओढून बसले.

"मी सोडून दिले तर दोन वरसं गेली. विकले तर कोण खाईल त्ये मला दिसणार न्हाई. म्हून तुला इचारतो. तू खाशील का?"

मागं पंपाचा आवाज येत होता. शोभा त्याला काहीतरी म्हणाली, तो "थांब" म्हणाला तिला.

उद्या सकाळी येते म्हटलं. "सकाळी गाडी येतीया," म्हणाला. "आत्ता सांग."

त्यानं फोन ठेवला नाही. एका हातात फोन, एका हातात पेन. मी अजून 'हो' म्हटलेलं नाही, 'नाही'ही नाही.