रक्तवाहिन्यांची आपसात ड्युटी-बदली

वलवण

आदरणीय प्रदीपभाऊ आणि वैनी,

धाकट्या रतनचा सप्रेम जय भीम. इकडे सगळे खुशाल. भाऊंचा गुडघा आता काय म्हणतो? वैनींनी दिलेलं लोणचं संपलं (हे आपलं सहज). फोन सोडून पत्र लिहितोय, कारण भाऊंचा मोबाइल तुमची मानसीच उचलते आणि विषय तिचाच आहे.

व्यायाम सकाळी केला तर रक्तवाहिन्या जास्त सैलावतात की संध्याकाळी, यावर तिची पीएचडी. सकाळी म्हणे त्या आखडलेल्या असतात. (माझ्याच ना त्या, उठायला वेळ लागणारच.) तिने आमच्या पडवीत जागच्या जागी चालणारी सायकल आणून ठेवली. सकाळी सहाला मी, संध्याकाळी सहाला शेजारचा धोंडिबा, महिनाभर रोज अर्धा तास. मग दंडाला पट्टा बांधायचा, आकडा थेट तिच्या मोबाइलवर.

आता मी सहाला उठणार? धोंडिबा मात्र चारलाच उठून कोंबड्याला जागं करतो. रेल्वेत आम्ही दोघांनी तीस वर्षं आपसात ड्युट्या बदलल्या; जागेवर माणूस दिसला की साहेब खूश. तशीच हीपण बदलली. सकाळ त्याची, संध्याकाळ माझी. भाऊ, रक्तवाहिन्या ज्याच्या त्याच्या असतात, हे खरंच डोक्यात आलं नाही.

परवा पोरगी नाचतच आली. म्हणाली, "काका, सकाळी तुमच्या रक्तवाहिन्या पंचविशीतल्या होतात!" सोमवारी ती मोठमोठ्या प्राध्यापकांपुढे माझं उदाहरण देणार आहे. तिची चार वर्षांची मेहनत, आणि माझ्या नावावर धोंडिबाचा दंड! तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

तुमचा,
रतन

ता. क. : सोमवारच्या आत तुम्हीच तिला सांगा. माझी हिंमत होत नाही. मात्र संध्याकाळी काकाने इमानाने घाम गाळला, हेही सांगा.

आणखी ता. क. : भाऊ, मी विठाबाई. ह्यांनी पाकीट चिकटवायला दिलं म्हणून वाचलं. ह्या दोघांनी दोनच दिस पाय मारले. मंग सकाळी धोंडिबाभाऊ चा पीत बसायचे आन सायकल मी मारायची, पट्टाबी माझ्याच दंडाला. सांजच्याला हे गप्पा हाणायचे आन सायकल धोंडिबाभाऊंची बायको चंपा मारायची. न्हाई मारली तर ते यंत्र लय वरडतं. पंचविशीतल्या हायेत त्या माझ्या हायेत. पोरीला म्हणावं, घाबरू नको, नाव तेवढं बदल. सोमवारी मी सोता येते दंड घेऊन.