माहेरच्या पातेल्यातली बिअर

शनिवार संध्याकाळ, वॉटफर्ड

लग्नात माहेराहून आलेल्या मोठ्या स्टीलच्या पातेल्याला आज मी भोक पाडलं. घरी बिअर करायची तर माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचं, पाणी चांगलं तासभर उकळावं लागतं, आणि त्याचं तयार मशीन परवडत नाही. म्हणून ड्रिलने भोक पाडून खाली तोटी बसवली. साधं पाणी भरून पाहिलं, तर तोटी गळत होती.

सासूबाई दारातून बघत होत्या. "लग्नातलं भांडं ना गं ते? आणि दारूसाठी?"

"बिअर आहे, आई. आणि भांडं माझं आहे."

जास्तच तुटक बोलले का? असेल. पण शब्द मागे घेतला नाही. वॉशर उलटा बसला होता, तो सरळ केल्यावर तोटी गळायची थांबली.

मग माल्ट घातलं, तर एवढं पाणी स्वयंपाकघरातल्या हॉबच्या शेगडीवर उकळेचना. शेवटी अर्धं दुसऱ्या पातेल्यात काढलं, तेव्हा कुठे दोन्हीकडे उकळी फुटली. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं त्यात टाकली, घरभर त्यांचा कडवट वास. गार करून, यीस्ट घालून सगळं बादलीत भरलं.

इतक्यात माझा नवरा समीर म्हणाला, "उद्या काका-काकू जेवायला येतायत. बादली मागच्या बागेतल्या शेडमध्ये ठेवू या का? आईला ऑकवर्ड होईल."

"तुझी व्हिस्की हॉलमध्ये काचेच्या कपाटात असते. ती कधी शेडमध्ये गेली?"

बादली मी डायनिंग टेबलाशेजारीच ठेवली आहे. काकांनी विचारलं तर सांगणार, बिअर आहे, मी केली आहे, तयार झाली की प्यायला या.