ठिपक्याविरुद्ध जावक क्रमांक एक

४ नोव्हेंबर
गावात राहायला येऊन आज तीन महिने झाले. आजपासून रोजनिशी. नियम एकच: खरं तेच लिहायचं. वाचणारं कोणी नाही, तेव्हा थापा मारून फायदाही नाही.
मागच्या अंगणात बटाट्याचे सहा वाफे. हिरवेगार. निवृत्त झालो तेव्हा ऑफिसच्या निरोपसमारंभात मी स्टाफला जाहीर शब्द दिलाय की वर्षाच्या आत प्रत्येकाच्या घरी माझ्या हातचे बटाटे पोचतील. टाळ्या पडल्या होत्या. स्टाफ एकूण बेचाळीस. वाफे मीच खणले. (पहिला. मग कंबर धरली. उरलेले पाच बायकोने खणले, पण आखणी माझी.)

९ नोव्हेंबर, सकाळी ७
वाफा क्रमांक दोनमध्ये खड्डा. वीतभर खोल. दोन बटाटे गायब, एक अर्धवट कुरतडलेला.
संशयित ठरला आहे. शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, एकट्याच. त्यांचा कुत्रा, ठिपक्या. वय दहा, एक डोळा अधू. रात्रभर त्यांच्या अंगणात मोकळा असतो आणि रोज सकाळी सहाला कुंपणाच्या भोकातून थेट आमच्या वाफ्यात. ही म्हणाली की कुत्रे कच्चे बटाटे खात नाहीत. मी म्हटलं, उपाशी कुत्रा काहीही खातो. ही म्हणाली की तो उपाशी नाही, दुपारी तीच त्याला घालते. ही बाब मला प्रथमच कळली. तिची चौकशी वेगळी होईल.

११ नोव्हेंबर
खड्डे तीन. ठिपक्या खड्ड्यात नाक घालून उभा. पंजाला माती. रंगेहाथ!
ही म्हणाली, माती तुमच्याही पायाला आहे.

१२ नोव्हेंबर
भक्कम पुरावा. खड्ड्याशेजारी सुई सापडली. वीतभर लांब, काळे-पांढरे पट्टे, टोकदार. विणकामाची. आता या गल्लीत सुईदोऱ्याचं काम कोण करतं? कुत्रा घरातून पळवून आणत असणार. संध्याकाळी आणखी दोन सापडल्या. सध्या कुंडीत खोचून ठेवल्यात, दिसतात छान.

१४ नोव्हेंबर
तोंडी बोलून काही होत नाही, हा छत्तीस वर्षांचा अनुभव. कागद गेला की माणूस हलतो. दुपारभर बसून पत्र तयार केलं, प्रिंट काढली. विषय: आपल्या ताब्यातील कुत्र्याचा उपद्रव. मुद्दा एक, वाफे उकरणे. मुद्दा दोन, रात्री विनाकारण भुंकणे. मुद्दा तीन, सुया. जावक क्रमांक ०१. खाली माझ्या सहीवर ऑफिसचा जुना गोल शिक्का मारला. शिक्का आठवण म्हणून आणला होता. तसा कोणाला नको होता.

१५ नोव्हेंबर
पत्र स्वतः नेऊन दिलं. बाईंनी मशीन थांबवलं, हात पुसले, कागद दोन्ही हातांनी घेतला. चष्म्याची काडी मोडलेली, म्हणून मलाच वाचायला सांगितलं. विषयासकट वाचलं. सुयांचं त्यांना काही समजलं नाही, त्या विणकाम करतच नाहीत म्हणाल्या. बाकीचं शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं की उकरताना तुम्ही स्वतः पाहिलंत का.
मी हो म्हणालो.
(खड्डा पाहिला होता. कुत्रा पाहिला होता. ऑफिसात एवढ्यावर मेमो निघायचा.)

१८ नोव्हेंबर
बाई आता ठिपक्याला रात्री घरात कोंडतात. भुंकणं बंद. शांत झोप. पत्राचा दणका!
खड्डे पाच.

२० नोव्हेंबर, सकाळी
खड्डे सहा. कोंडलेला कुत्रा रात्री कसा येतो, असं हिने विचारलं. मी म्हटलं, रात्री नाही, सहा ते सव्वासहा. चपळ आहे.
बाई ठिपक्याला पट्टा धरून खड्ड्यापाशी घेऊन आल्या. मी तिथून निघून आलो. मागे कुत्रा केकाटल्याचा आवाज आला. कारवाई सुरू झाली म्हणायची. आत येऊन रेडिओ मोठ्याने लावला. बातम्या ऐकायच्या होत्या.

२३ नोव्हेंबर
ठिपक्या आता खड्डा दिसला की पोटावर लोळण घेतो, कान पाडतो, डोळे मिटतो. स्पष्ट कबुली. हिला दाखवलं. ती आत निघून गेली.

२६ नोव्हेंबर
बाईंचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि ठिपक्याला आपल्या शेतावर घेऊन गेला. दोन तासांचा रस्ता आहे. बाई दारात आल्या नाहीत. ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. भाजीत मीठ नव्हतं, तेही मी बोललो नाही.
आता पीक जोरात येईल. पहिली टोपली बाईंनाच द्यायची. माणूस मोठ्या मनाचा असावा.

२८ नोव्हेंबर
खड्डे अकरा.

३० नोव्हेंबर
खड्डे सतरा. वाफा चार संपला. ठिपक्याच्या ओळखीतले कुत्रे सूड घेत असावेत. दुसरा काही खुलासा सुचत नाही. म्हणजे सुचू देत नाही.

२ डिसेंबर
दूधवाला कुंडीपाशी थबकला. म्हणाला, साळिंदराचे एवढे काटे कुठून जमवले? मी म्हटलं, काटे नाहीत, विणकामाच्या सुया आहेत. त्याने किटली खाली ठेवली आणि पोट धरून हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एकदम थांबला.
त्याच्याकडून कळलं ते असं. कालव्याकडे साळिंदरं आहेत, एक मोठं आणि दोन पिल्लं. बटाटा म्हटलं की जीव टाकतात. रात्री येतात, पहाटे जातात. आधीही यायची, पण ठिपक्या भुंकून हाकलायचा, म्हणून एखाद-दुसऱ्या खड्ड्यावर भागायचं. सकाळी तो वाफ्यात यायचा तोही त्यांचाच वास काढत. आता राखणच उठली म्हटल्यावर काय, म्हणाला, मोकळं रान.
स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला नाही म्हणाली. शेगडीला म्हणाली.

३ डिसेंबर
लाज वाटते. दुसरा शब्द बघितला, सापडला नाही.
निश्चय: आजच जाऊन सांगायचं. गेलो. दोन गिऱ्हाइकं बसली होती. चारचौघांत असलं बोलणं बरं दिसत नाही. पायजमा आखूड करायला टाकून आलो. पायजमा मुळात आखूडच आहे.

५ डिसेंबर
पायजमा आणायला गेलो. आता तो गुडघ्याखाली संपतो. बाईंनी विचारलं की खड्डे थांबले ना? मी म्हटलं, पुष्कळ फरक आहे. त्या म्हणाल्या, मग बरं झालं, त्याला पाठवल्याचं चीज झालं.
रोजनिशीचा नियम लिहिण्यापुरताच. खड्डे एकोणीस आहेत.

७ डिसेंबर
आज नक्की. गेलो तर त्यांच्या फाटकाची बिजागरी निखळलेली दिसली. तीच दुरुस्त करत बसलो, दोन तास. बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या की असा शेजार मिळायला नशीब लागतं. पाणी तसंच ठेवलं. हातोडी तिथेच विसरून घरी आलो. आणायला जायची हिंमत नाही.

१० डिसेंबर
लेखी कळवावं, हेच बरं. जावक क्रमांक ०२. ‘उपरोक्त विषयास अनुसरून, सदर प्रकरणी नजरचुकीने काही गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले आहे.’ तीन मसुदे केले. तिसरा हिला दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं की यात चूक कोणी केली ते कुठे लिहिलंय. मी म्हटलं, ऑफिसची भाषा अशीच असते. ही म्हणाली, कुत्र्याला घालवताना तोंड होतं ना, आता तेच घेऊन जा.

११ डिसेंबर
तोंड घेऊन गेलो.
बाई मशीनवर होत्या. उभ्याउभ्याच सांगितलं. ठिपक्याने उकरलं नाही. साळिंदरं होती. मी काही पाहिलं नव्हतं, पाहिलं म्हणून खोटं सांगितलं. एवढं बोलायला मला तीन वाक्यं पुरली. आठ दिवस लागले.
मशीन थांबलं. बाईंनी विचारलं, म्हणजे एकदाही नाही? मी म्हटलं, एकदाही नाही.
त्यांनी हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या की मी त्याला मारलं हो. लाकडी पट्टीने, मापाच्या. दहा वर्षांत कधी हात लावला नव्हता. रोज सकाळी ओढत नेऊन खड्डा दाखवायचा आणि मारायचं. त्याला कळायचंच नाही काय चुकलं ते, मारता मारता हातच चाटायचा. मन सांगत होतं की हा नाही. पण कागद छापील होता, त्यावर शिक्का होता. एवढा मोठा साहेब माणूस न बघता लिहील का, असं वाटलं.
माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली मान घालून उभा. हातोडी कोपऱ्यात पुसून ठेवलेली होती.
शिक्का संध्याकाळी चुलीत घातला. रबराचा घाण वास घरभर. हिने खिडक्या उघडल्या.

१४ डिसेंबर
बाईंबरोबर भाड्याच्या टेम्पोने जाऊन ठिपक्याला आणलं. बाई टेम्पोतून उतरेनात, त्याला तोंड कसं दाखवू म्हणाल्या. त्याने लांबून ओळखलं, धावत आला, उडी मारून आत, त्यांच्या मांडीवर. बाई रडल्या. मी ड्रायव्हरला रस्त्याबद्दल काहीबाही विचारत राहिलो.
परतताना तो माझ्या बुटावर डोकं ठेवून झोपला. दोन तास पाय हलवला नाही. मुंग्या आल्या. येऊ दे.
प्रकरण मिटलं. झालं गेलं गंगेला मिळालं. आज झोप लागेल.

१५ डिसेंबर, सकाळी
मिटलेलं नाही.
बाई त्याला अजून रात्री घरातच ठेवतात, परत कोणाची तक्रार नको म्हणून. कोणाची, ते बोलल्या नाहीत. त्यामुळे साळिंदरं आलीच. खड्डे तीन. सहाला दार उघडलं, ठिपक्या शेपूट हलवत भोकातून आला. खड्डा दिसला. जागच्या जागी पोटावर पडला. कान पाडले, डोळे मिटले आणि वाट बघत राहिला.
मी म्हटलं, तू नाहीस रे. ऊठ. तू नाहीस. चारदा सांगितलं. उठला नाही. बाई दारातून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि बराच वेळ मशीन सुरू झालं नाही.

१६ डिसेंबर
पहाटे ५.३५ला बाहेर. खड्डे चार. बुजवले. वर पाला पसरला. सहाला ठिपक्या आला, वाफ्यात हिंडला, गेला.

१७ डिसेंबर, ५.२०
खड्डे सात. आता हातानेच बुजवतो, फावड्याचा आवाज होतो. बटाटे जवळजवळ संपले. बेचाळीस जणांना काय कळवायचं ते नंतर बघू. कळवायचंही नाही कदाचित.

१९ डिसेंबर
उठायला उशीर झाला. खड्डे नऊ. आठ बुजवले आणि बाईंची कडी वाजली. नववा तसाच उघडा. काही सुचेना, त्यात बसलो.
ठिपक्या आला. मला हुंगलं, पायजमा हुंगला, माझ्या मांडीला टेकून बसला. कान उभे. हिने खिडकीतून विचारलं की थंडीत तिथे मातीत काय करताय. काही नाही म्हटलं. तो जाईपर्यंत उठता येत नव्हतं. पावणेआठपर्यंत गेला नाही.