ओळख सुधारा

५ ऑगस्ट २०२४, सोमवार. पेडणे.

आज रुजू झालो आणि मन प्रसन्न आहे. मोप्याला विमानतळ झाल्यापासून मालवाहतुकीच्या कंपन्यांनी पेडण्यात कचेऱ्या थाटल्या आहेत. त्यांपैकी एकीत मी प्रशिक्षण अधिकारी झालो. ही जागा मला रुद्रेशने मिळवून दिली. कॉलेजात चार वर्षे आम्ही एका बाकावर बसलो. माझ्या मुलीच्या, कोमलच्या बारशाला पेडण्याजवळच्या चोपड्याहून आमच्या घरी कणकवलीपर्यंत भर पावसात मोटारसायकलवर आलेला माझा एकुलता एक मित्र तो. त्याची मडगावला बदली झाली असून त्याचा लॅपटॉप आता माझ्याकडे आला. यंत्र दुसऱ्याच्या हवाली केल्याची पावती झाल्याशिवाय बदली मिळत नाही, असा येथील नियम आहे.

यंत्र चौदा इंची, काळे, दणकट. बिजागरी घट्ट, कळा खोलगट आणि बोटाला समजूतदार. ते चेहऱ्याने उघडते. कॅमेरा डोळे, नाक, जबडा यांतील अंतरे मोजतो व त्यांचा एक नकाशा साठवतो. 'ओळख सुधारा' असे एक बटण आहे. ते जितक्या वेळा वापरावे तितका नकाशा अचूक होतो. रुद्रेश आज आधी कोणी परकाच वाटला, नाव सांगितल्यावर पटले; थकला असावा. त्याने मला स्वतः खुर्चीत बसवले. यंत्राने मला स्वीकारले तेव्हा त्याचे डोळे भरून आले. निरोपाच्या वेळी माणूस हळवा होतोच.

या यंत्राच्या वापराची नोंद मी कागदी वहीत ठेवणार आहे. यंत्राची हकीकत यंत्राच्याच पोटात ठेवणे पद्धतशीर नव्हे.

९ ऑगस्ट, शुक्रवार.

दिनक्रम बसला. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर गेली की चार्जर काढतो आणि वीस टक्क्यांखाली जाऊ देत नाही. झाकण दोन्ही हातांनी उघडतो, कारण एका कोपऱ्याने उचलल्यास बिजागरीवर ताण येतो. येथील दमट हवेमुळे पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या आहेत. जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करतो. 'ओळख सुधारा' रोज सकाळी: चष्म्यासह, चष्म्याविना, खिडकीच्या उजेडात, टोपी घालून. कर्मचाऱ्यांना हे शिकवताना एकाने विचारले की मास्तर, लॅपटॉपाशी लगीन लावला काय. सारे हसले, मीही हसलो.

संध्याकाळी लॅपटॉपवरूनच घरी बोलतो. बायको, हर्षा, म्हणाली की अहो, तुम्ही समोर बसल्यासारखे स्वच्छ दिसता.

२१ ऑगस्ट, बुधवार.

अंधारातही यंत्र मला क्षणार्धात ओळखू लागले. प्रगती समाधानकारक आहे.

एक किरकोळ गोष्ट. घरमालकीण पद्मावतीबाई रोज मला ताजे पोई, म्हणजे इथले कोंड्याचे पाव, आणून देतात. आज दार उघडल्यावर त्या मागे सरल्या आणि "कोण जाय तुमकां?" म्हणाल्या. मी नाव सांगितले तेव्हा, मोतीबिंदू वाढलासा दिसता, असे पुटपुटत पोई हातात दिले, पण पायऱ्या उतरताना दोनदा वळून पाहिले.

३० ऑगस्ट, शुक्रवार.

कचेरीच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवले. गळ्यातल्या ओळखपत्रावरचा फोटो व माझा चेहरा त्याने तीनतीनदा पाहिला. दुसऱ्याचे कार्ड घालून कोठे निघालात, असे त्याने विचारले; कार्ड फाटकात चालले म्हणून शेवटी आत सोडले. आरशात पाहिले. चेहरा तोच आहे. वर्गातल्या लोकांनाही आज मी नवा वाटलो. जुने मास्तर कधी येतील, अशी चौकशी त्यांनी माझ्याकडेच केली.

लॅपटॉप उघडला. माझे नाव घेऊन त्याने स्वागत केले. या गावात मला ओळखणारे तेवढेच एक उरले आहे.

७ सप्टेंबर, शनिवार. चवथ.

सकाळच्या गाडीने घरी गेलो. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती. हर्षाने दार अर्धेच उघडले.

"कोण व्हयो तुमका? ते पेडण्याक आसत. येतले एवढ्यात."

मी नाव सांगितले. लग्नाची तारीख सांगितली, तिच्या आईचे माहेर सांगितले. ती घाबरत गेली. कोमल तिच्या पदराआडून पाहत होती. मी हात पुढे केला तशी ती किंचाळली. शेजारचे जमू लागले. अंगणात उभे राहून मी फोन लावला. माझ्या नवऱ्याचा फोन तुम्हाला कोठे मिळाला, असे विचारून तिने तो बंद केला.

दुपारच्या गाडीने परतलो.

८ सप्टेंबर, रविवार.

लॅपटॉपवरून घरी कॉल लावला. हर्षा लगेच म्हणाली की अहो, काल का आला नाहीत, कोणी वेडा माणूस दारात आला होता, तुमचे सगळे त्याला ठाऊक होते. कोमलने मोदक पडद्यापुढे धरला.

मला रडू आवरेना. पण त्या दोघी हसत होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचे छोटे चित्र दिसते, त्याकडे पाहिले.

तो हसत होता.

१० सप्टेंबर, मंगळवार.

चोपड्याला गेलो. रुद्रेशची आई जानकीकाकू अंगणात जाळे सोडवत होती. मी मडगावच्या कचेरीतून आलो असे सांगितले. ती मोकळेपणी बोलली. जुलैपर्यंत झील, तिचा मुलगा, घरात नव्हताच. त्याच्या नावाने कोणी परका यायचा, तिने त्याला दोनदा हाकलले होते. पाच ऑगस्टला संध्याकाळी झील परत आला. बरा आहे आता.

चवथीच्या सुटीला घरी असलेला रुद्रेश आतून बाहेर आला. त्याने मला ओळखले नाही. मी वही दाखवली, अक्षर दाखवले. तेव्हा तो खाली बसला.

"कोणाक तरी दिवचोच पडटालो रे. तुजेसारको मन लावन बसपी दुसरो कोण?"

नियम त्याला तिथल्या जुन्या माणसाकडून कळला होता. पावती आणि यंत्रात नवा चेहरा; दोन्ही झाले की जुन्याला त्याचा चेहरा परत मिळतो. मला त्याने निवडून बोलावले होते. नोकरी म्हणून नव्हे. मी चिकाटीचा म्हणून.

बारशाला आला होता, भिजून—

११ सप्टेंबर.

लॅपटॉपात साठलेला माझा चेहरा पुसला. बंद केला. उघडला. चेहरा आधीच आत होता.

हर्षाचा निरोप आहे. शनिवारी न्यायला येतो म्हणालात, सामान बांधू का. मी तसे म्हणालोच नव्हतो. मी काहीच—

आरशात आज माझा चेहरा नीट लागत नाही. नाकापर्यंत जमते, मग—

१२ सप्टेंबर. कचेरी.

नवी मुलगी रुजू झाली. सोनाली, वय तेवीस, तोरशाची. आई स्कूटरवर सोडायला आली होती. पोरीक सांभाळून घेयात, असे मला म्हणाली. परक्या माणसाला.

पावती टेबलावर आहे. माझी सही झाली. तिचीही.

मी तिला बॅटरी समजावली. बिजागरी समजावली. छान समजावले. ती सगळे लिहून घेते, खुणा करते, पुन्हा विचारते. चिकाटीची आहे.

हर्षा, शनिवार, दोन दिवस—

समोर बसली आहे. चष्मा पुसते आहे. कॅमेऱ्यात कधी पाहायचे, असे विचारते. खुर्चीतून उठ, खाली आई असेल तर तिच्याबरोबर घरी जा, एवढेच म्हणायचे आहे. एवढेच. तोंड उघडतो आणि

ती पुन्हा विचारते, सर, आता पाहू का. आणि मी तिला